अभयकिल्ली

सहीच्या दिवशी ऋजुता देशिंगकरच्या घरी काहीही बिघडत नसे. नळाला पाणी नसो, गाडीचं चाक बसलेलं असो, नाहीतर सासूबाई रात्रभर कण्हत असोत, तिचा नवरा अभिराम हसतमुखानं चहाचा कप पुढे करायचा आणि म्हणायचा, "सगळं मस्त आहे. तू जा निवांत." एवढा सुखाचा संसार अख्ख्या मिरजेत दुसरा नसेल, असं बघणाऱ्याला वाटावं. ऋजुता मात्र कप घेताना त्याचा चेहरा निरखायची. हे सुख कशावर पांघरूण घालतंय, ते तिला संध्याकाळीच कळायचं.

याला कारणही तसंच होतं. तिचे वडील कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले ते अशाच एका सहीच्या दिवशी, सकाळी. फोन अभिरामला आला. त्यानं चार्जिंगचं निमित्त करून तिचा फोन काढून घेतला, तिला कामावर सोडलं, सही होऊ दिली आणि परत न्यायला आला तेव्हा गाडीत सांगितलं. आपल्याकडे मयताची बातमी माणसाच्या पोटात दोन घास गेल्याशिवाय सांगत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. त्याच्या मते त्यानं कर्तव्य केलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मी सहीच्या खोलीत हसत होते रे." त्यानंतर दोघांच्यात काहीतरी गार पडलं ते पडलंच.

आता ही सही म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं.

मधुमेहाच्या ज्या रोग्यांना जन्मभर इन्सुलिनशिवाय गत्यंतर नसतं, त्यांच्या पोटाला एक छोटा पंप चिकटवलेला असतो. रक्तातली साखर तोच मोजतो आणि इन्सुलिनची मात्रा तोच सोडतो. असे चाळीस हजार पंप आहेत. बनवणारे कारखाने वेगवेगळे, पण सगळ्यांत चालणारं सॉफ्टवेअर येतं ते मिरजेच्या संजीवन भांडारातून. भांडार ही सहकारी संस्था आहे, म्हणजे निवडणुका, कोर्टकज्जे आणि वार्षिक सभेतला चिवडा हे सगळं आलंच. पंप रात्री चार्जिंगला लागला की भांडाराकडे बघतो, सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज आलंय का. आलं असेल तर आधी त्यावरची सही तपासतो. ही सही शाईची नव्हे. किल्ली म्हणून एक प्रचंड मोठा गुप्त आकडा असतो, त्या आकड्यानं पॅकेजवर उमटवलेला तो गणिती ठसा. पॅकेजमधलं एक अक्षर कुणी बदललं तरी ठसा जुळत नाही. ठसा जुळला की पंप डोळे मिटून विश्वास ठेवतो, नाही जुळला तर ढुंकून बघत नाही. थोडक्यात, किल्ली ज्याच्या हातात, चाळीस हजार माणसांचा जीव त्याच्या हातात.

म्हणून त्या किल्लीचे पाच तुकडे केलेले होते आणि ते पाच किल्लीदारांकडे होते, ऋजुता त्यांतली एक. तिघं एकत्र बसल्याशिवाय सही होत नसे. पण तुकडे कितीही करा, माणसाच्या मानेवर सुरी ठेवता येतेच. परदेशात कुठेतरी तसं घडलं आणि मग शास्त्रज्ञांनी अभयकिल्ली काढली. टेबलावर प्रत्येकाची एक तबकडी असते. किल्लीदारानं तिच्यावर तळहात ठेवायचा. तबकडी नाडी बघते, घाम बघते, डोळ्यांना न दिसणारी बोटांची थरथर बघते. हात त्याच माणसाचा आहे आणि तो माणूस घाबरलेला नाही, अशी खात्री पटली तरच तिच्यातला किल्लीचा तुकडा जागा होतो आणि हिरवा दिवा लागतो. गोळी घेऊन हात गार केला तरी तिला कळतं. अडीअडचणीसाठी मागचं दार ठेवलेलं नाही, कारण चोर आधी तेच शोधतो.

कल्पना उत्तम. पण तिचा परिणाम काय झाला, तर किल्लीदारांना जग वाईट बातम्या सांगेनासं झालं. आधी घरचे, मग ऑफिसातले. असा नियम कुणी केला नव्हता, पण पाळत सगळेच होते.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी ऋजुताला डॉक्टर शाकिरा मुजावरचा फोन आला. शाकिरा भूलतज्ज्ञ, आणि पाचांतली एक किल्लीदार. भांडारात येण्याच्या आधीपासून दोघी मैत्रिणी.

"ऋजू, सोमवारी आपण ज्या पॅकेजवर सही केली, त्यात नवीन काय होतं गं?"

"जेवणाआधीची मात्रा. का?"

"काल आमच्याकडे एक बाई आणली. साखर पार तळाला गेलेली. नवस होता म्हणून दिवसभर कडक उपास केलेला. पंपातली नोंद काढली, तर त्यानं नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, सगळ्यांचं इन्सुलिन घातलंय. आणि बाईच्या पोटात कण नाही." शाकिरानं आवाज खाली आणला. "शुद्धीवर आलीये. पण उद्या काय आहे, लक्षात आहे ना तुझ्या?"

ऋजुतानं कॅलेंडरकडे बघितलं. उद्या हरतालिका. जुना पंप साधा होता. साखर वाढली की इन्सुलिन, उतरली की बंद. नव्या पॅकेजनं त्याला शहाणपण शिकवलं होतं. माणूस रोज कधी जेवतो ते तो शिकायचा आणि घास तोंडात जायच्या आधीच मात्रा सोडून मोकळा व्हायचा, म्हणजे जेवणानंतर साखर उसळत नाही. एखाद्या दिवशी माणूस जेवलाच नाही तर? तीही चाचणी झाली होती. उपासाची चाचणी, पास. सोमवारी ऋजुतानं स्वतःच्या डोळ्यांनी ते वाचलं होतं, आणि शांत मनानं तबकडीवर हात ठेवला होता.

ती तडक भांडारात गेली आणि ती चाचणी उघडून बघितली. उपासाच्या दिवसाचा नमुना म्हणून आपल्या लोकांनी त्यात काय घातलं असेल? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, रात्री रताळ्याचा कीस, मधल्या वेळेला केळी. एकादशी अन् दुप्पट खाशी. पंपानं मात्रा सोडली, पाठोपाठ खिचडी आली, साखर जागच्या जागी. पास. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. उपास म्हणजे उपाशी राहणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोट रिकामं ठेवून चाचणी केली असती.

हरतालिकेचा उपास मात्र निर्जळी. बायका पाण्याचा थेंब घेत नाहीत. पंपवाल्या बाईनं असले उपास करू नयेत, हे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात आणि बायका मान डोलावून घरी जाऊन उपास करतात. जुन्या पंपाबरोबर ते निभावत होतं. आता चक्कर आली की ती उपासाचीच, असं समजून बाई सोसणार. पंपानं धोक्याची घंटा वाजवली तर त्यावर पदर दाबणार, कारण साखर तोंडात टाकली तर उपास मोडेल. ऋजुताला ते सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

तिनं सेक्रेटरी पोतनिसांना बोलावलं. पोतनीस मनानं भला माणूस, कुणाचं मन दुखवायचं नाही या एकाच गुणावर संस्थेत टिकलेला. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तशी एक तक्रार आली होती. कवठ्याच्या एका नर्सबाईंची. चाचणीसाठी आधी थोडे पंप दिले होते ना आपण, त्यातली एक बाई उपासाला चक्कर येऊन पडली म्हणून."

"कधी आली होती?"

"सहीच्या आधी. म्हटलं, सही होऊन जाऊ दे, मग निवांत सांगू. उगाच तुमचा हात अडकायचा."

"मग सही झाल्यावर का नाही सांगितलंत?"

"सही झाली ना मॅडम," पोतनीस म्हणाले. "तुम्ही तिघांनी सही केली म्हणजे सगळं बरोबरच असणार, असं वाटलं."

तिघांनी सही केली होती, कारण त्यांना काही सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं राहून गेलं होतं, कारण त्यांनी सही केली होती.

दुरुस्ती अवघड नव्हती. आधीच्या मात्रेमागून जेवण आलं नाही तर पुढची आगाऊ मात्रा सोडायची नाही, आणि रात्रीपासून पोटात काही नसेल तर पहिलीही नाही. ऋजुतानं ते दुपारपर्यंत लिहून काढलं. शाकिरा आली, तिनं मात्रांचे आकडे तपासले, आणि या वेळी चाचणीत पोट खरोखर रिकामं ठेवलं. पोतनिसांनी विचारलं, जुनंच पॅकेज परत घालता येणार नाही का. नाही येणार. पंप मागे जात नाही. जुन्या, सुरक्षेला भोकं पडलेल्या पॅकेजवर कुणी त्याला परत नेऊ नये म्हणून तो फक्त पुढचा क्रमांक स्वीकारतो, आणि तोही सही असलेला. म्हणजे सगळं तीन तळहातांवर येऊन अडलं. बायका पहाटे उठून पूजेला लागायच्या आत, रात्री पंप चार्जिंगला लागतील तेव्हा, सही झालेलं पॅकेज भांडारात हवं होतं.

"आधी सगळ्यांना मेसेज पाठवा," ऋजुता म्हणाली. "उद्या उपास असेल तर पंप बंद करून दवाखाना गाठा म्हणावं."

"घबराट होईल, मॅडम."

"होऊ दे."

मेसेज गेला. पण बाईचा पंप आणि नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, ही आपली रीत. चाळीस हजारांपैकी किती जण वाचतील आणि किती जणींपर्यंत ते पोचेल, देव जाणे.

उरला प्रश्न तिसऱ्या हाताचा. पाच किल्लीदारांपैकी एक लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात, एक जागा रिकामी, कारण तिची निवडणूक कोर्टात. उरले विश्वनाथ रायबागकर सर. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, ऋजुताला त्यांनीच शिकवलेलं. त्यांची बायको शैलाकाकू पंप लावायची आणि दर वर्षी हरतालिकाही करायची. कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

"सरांना सांगितलं तर त्यांचा दिवा लागायचा नाही," पोतनीस खाली बघत म्हणाले. त्यांनी मेसेज पाठवताना एक नंबर वगळला होता. कुणाचा ते त्या दोघींनी विचारलं नाही.

शाकिरानं ऋजुताकडे बघितलं. तिला वडिलांची गोष्ट माहीत होती.

"सही झाल्यावर लगेच सांगू," ऋजुता म्हणाली. आपण अभिरामचंच वाक्य बोलतोय हे तिला ऐकू आलं, तरी ती बोलली.

सर आले ते शैलाकाकूंनाही घेऊन. काकू खाली बाजारातच थांबल्या. भांडाराच्या खिडकीखाली हरतालिकेचा बाजार भरलेला, पत्रीचे वाटे, वाळूच्या सखीपार्वती, बांगड्यांच्या हातगाड्या. सर वर आले, फोन बाहेरच्या पेटीत ठेवला आणि सहीच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसले.

"अचानक बोलावणं? बरं, आत काय आहे?"

हा प्रश्न ते दर वेळी विचारायचे. पॅकेजच्या आत काय आहे ते कळल्याशिवाय त्यांनी आजवर तबकडीला हात लावला नव्हता. बाकीचे कधी कधी कंटाळायचे, पण सर सोडायचे नाहीत.

"बारीकशी दुरुस्ती आहे, सर. मात्रेच्या वेळेची."

"तू बघितलंयस ना नीट?"

"हो."

"मग झालं," म्हणून सरांनी तळहात टेकवला, आणि त्यांचा दिवा लागला. शाकिरानं डोळे मिटले, चार लांब श्वास घेतले. रोज माणसं बेशुद्ध करून परत आणणारी बाई ती, भीती कुठे ठेवायची ते तिला माहीत होतं. थोड्या वेळानं तिचाही लागला. तिन्ही दिवे एका वेळी लागायला हवेत, एखादा मधेच विझला तर सगळं पहिल्यापासून.

ऋजुतानं हात ठेवला. काहीच झालं नाही.

तिनं हात पुसून परत ठेवला. कृष्णेचा घाट आठवून बघितला, पाढे म्हणून बघितले. खालून काकूंचा आवाज आला, बांगडीवाल्याशी घासाघीस चालली होती. ऋजुताची नाडी कानात वाजायला लागली. दिवा मेलेलाच.

"काय गं, घरी सगळं ठीक ना?" सरांनी विचारलं. "तुझा हात कधी अडत नाही. पाणी पी जरा. आम्ही कुठे पळून चाललोय?"

ते हसत होते. तिला धीर देत होते. आणि तिच्या लक्षात आलं, की तिला आता त्या हजारो बायकांच्या जिवाची भीती वाटतच नव्हती. वाटत होती ती समोरच्या या हसऱ्या चेहऱ्याची. हे असंच चालू राहिलं तर तिचा हात रात्रभर स्थिर होणार नव्हता. सांगावं तर सरांचा दिवा विझणार. नाही सांगावं तर तिचा लागणार नाही. बाहेर उन्हं उतरली होती.

"सर," ती म्हणाली, "मी खोटं बोलले."

तिनं सगळं सांगितलं. सरांना पहिली दोन वाक्यं नीटशी उमगली नाहीत, मग एकदम उमगली. त्यांचा दिवा विझला. ते उठले, खुर्ची मागे पडली ती तशीच, आणि सत्तरीचा तो माणूस जिन्यावरून धावत खाली गेला. मागोमाग शाकिरा. ऋजुता एकटी तीन विझलेल्या तबकड्यांसमोर बसून राहिली. आता सर परत येणार नाहीत, सही होणार नाही, आणि उद्या सकाळी गावोगावच्या बायका नटूनथटून पूजेला बसतील.

आधी वर आल्या त्या शैलाकाकू. हातात बांगड्यांचा पुडा, पोटावरचा पंप उतरवून शाकिराच्या हातात दिलेला. मागे शाकिरा, आणि तिच्यामागे सर, पांढरेफटक.

"या ऋजुताच्या शेजारी बसून माझा हात स्थिर राहायचा नाही," सर दारातूनच म्हणाले. "मी विचारलं होतं हिला. तोंडावर विचारलं होतं."

"विचारलंत, आणि ती चुकली," काकू म्हणाल्या. "माझा पंप निघाला. बाकीच्या बायकांचे पंप काढायला कोण धावत येणार आहे? बसा."

सर बसले. मग म्हणाले, "ऋजुता, पहिल्यापासून समजावून सांग. एक ओळ गाळू नकोस."

तिनं हात तबकडीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. जुना पंप काय करायचा, नव्यात काय घातलं, चाचणीत काय होतं. सर मधे मधे अडवत होते, कॉलेजात तोंडी परीक्षेला अडवायचे तसे, आणि ती उत्तरं देत होती. साबुदाण्याचं सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मेल्यांनी जन्मात उपास केलेला नाही," आणि शाकिराला हसू फुटलं. मग ऋजुतानं नवी अट वाचून दाखवली. नर्सबाईंच्या तक्रारीचं सांगितलं. एक नंबर वगळला होता, तेही सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिला कळलं, की तिचा दिवा लागलेला आहे. कधी लागला ते तिनं बघितलंच नव्हतं.

शाकिराचा लागला. शेवटी सरांचाही लागला. आपलं माणूस सुटलं म्हणून आपला हात स्थिर झाला, हे सरांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. ते कुणाकडे बघत नव्हते. सही झाली आणि पॅकेज भांडारात गेलं.

जाताना सर दाराशी थांबले. "पुढच्या वेळी मी विचारेन, आत काय आहे. तेव्हा तुझ्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही."

"हो सर," ती म्हणाली.

रात्रीतून जवळजवळ सगळे पंप दुरुस्त झाले. हरतालिकेच्या दिवशी दवाखान्यांत काही बायका आल्या, सलाइन लावून घरी गेल्या. ऋजुता दिवसभर फोनपाशी बसून होती आणि अभिरामला तिनं निक्षून सांगितलं होतं, जे काही येईल ते लगेच सांग, मला सांभाळू नकोस. त्यानं सांगितलंही. संध्याकाळी त्याच्या फोनवर बातमी आली, ती त्यानं तशीच सांगितली. चांदोलीच्या अंगाला एका वाडीत मोबाइलचा टॉवर बंद पडला होता, तिथला एक पंप जुनाच राहिला. आनंदी गुरव नावाची बाई पूजेनंतर आडवी झाली ती उठली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर ऋजुता त्या वाडीत गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. संस्थेच्या वकिलानं तर जाऊ नका म्हणूनच सांगितलं होतं. पण न जाता तिला झोप लागत नव्हती. भांडारात तिनं आता नियम करून टाकला होता, सहीच्या दिवशी आधी सगळ्या तक्रारी मोठ्यानं वाचायच्या, हात अडला तर अडू दे. लपवाछपवीचं नाव काढायचं नाही. गाडीत बसून ती हेच स्वतःला सांगत होती. शिव्या मिळतील, अंगावर धावून येतील, ते ऐकून घ्यायचं, आणि विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं.

आनंदीचा नवरा महादेव वाडीतल्या शंकराच्या देवळाचा पुजारी. पस्तिशीचा असेल, पण ओसरीवर बसला होता म्हाताऱ्यासारखा. तिनं आपण कोण ते सांगितलं. तो चिडला नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला.

"तुमचा मेसेज आला होता, ताई," तो म्हणाला.

ऋजुताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आला होता?"

"आदल्या दिवशीच आला. टॉवर तोवर चालू होता. माझ्याच फोनवर आला, मी वाचला. ती पत्री गोळा करून आली होती, खुशीत होती. हातावर मेंदी काढायला बसली." तो अंगणाकडे बघत होता. "म्हटलं, वर्षाचा सण, आत्ता कशाला जिवाला घोर लावायचा. उपास सुटला की सांगू."

कोंबड्या अंगणात टोचत होत्या.

"दुसऱ्या दिवशी चक्कर येतेय म्हणाली. पंप वाजत होता. मी म्हटलं, उपासाची असेल." त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं. डोळे कोरडे होते. "ताई, तुम्ही त्यातल्या जाणकार. म्हणून विचारतो. मी तेव्हाच सांगितलं असतं, तर वाचली असती का हो?"

ऋजुताला उत्तर माहीत होतं. आदल्या दिवशी पंप काढला असता तर आनंदी आज याच ओसरीवर बसली असती, यात तिळमात्र शंका नव्हती. खरं सांगायचं ठरवूनच ती आली होती. सरांना सांगितलं तसं, एक ओळही न गाळता.

"नाही," ती म्हणाली. "पंपातला बिघाड तोवर फार पुढे गेला होता. सांगूनही काही उपयोग झाला नसता. तुमच्याकडून काही चुकलं नाही."

महादेवनं डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले आणि तो पहिल्यांदाच रडला. मग तोंड पुसून म्हणाला, "चहा टाकतो, ताई. असं कोरडं जाऊ नका," आणि आत गेला.

ऋजुता ओसरीवर बसून होती. खोटं बोलताना तिचा आवाज अडखळला नव्हता. तिनं आपला हात उलटा करून बघितला. तळव्याला घाम नव्हता, बोटं स्थिर होती, नाडी संथ चालली होती. आत्ता समोर तबकडी असती तर दिवा लागला असता. त्या विचारासरशी तिला जी भीती वाटली तशी या सगळ्या दिवसांत एकदाही वाटली नव्हती, आणि आतून महादेव विचारत होता, साखर किती घालू.